कोकणच्या सड्यावर काल्पनिक आंतरराष्ट्रीय विमानतळ कसा रचावा

कादंबरीसाठी, विमान चालवण्याच्या संगणकीय खेळासाठी किंवा हाताने काढलेल्या नकाशासाठी कोकणात मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ रचायचा असेल, तर पहिली रेघ टर्मिनलची ओढू नका. कोकणात विमानतळाचा आकार सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, ठरवतो आणि वेळापत्रक पाऊस ठरवतो. ही दोन्ही आधी पक्की केली की धावपट्टीची दिशा, भरावाची उंची, उद्घाटनाचं वर्ष, कोणत्या वाडीवरून विमानं जाणार, अगदी इंधनाच्या टाक्या किती, हे सगळं त्यांतूनच निघत जातं. उलट्या क्रमाने गेलात तर रत्नागिरीचा वाचक तिसऱ्या पानावरच चूक पकडेल.

उदाहरणासाठी एक कल्पित जागा घेऊ. राजापूर आणि देवगड यांच्या दरम्यान, समुद्रापासून आठ-दहा किलोमीटर आत, ९० मीटर उंचीचा सडा. नाव वाघसडा. ही जागा कल्पित असली तरी खालचे नियम आणि मापं खरी आहेत.

सडाच का

कोकणात सपाट जमीन दोनच ठिकाणी मिळते: खाडीकाठी आणि सड्यावर. खाडीकाठी मळेशेती, खारफुटी आणि किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध असतात, शिवाय भरतीचं पाणी. नवी मुंबईचा विमानतळ तसल्या सखल जागेवर झाला, पण त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. दक्षिण कोकणात मात्र सिंधुदुर्गातला चिपी आणि गोव्याचा मोपा हे दोन्ही विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहेत. चिपीची धावपट्टी २,५०० मीटर, मोपाची ३,५०० मीटर.

समुद्रात बेट बांधायचा मोह अनेकांना होतो. जपानच्या कान्साई विमानतळाचं बेट आतापर्यंत दहा मीटरहून जास्त खचलं आहे आणि २०१८ च्या जेबी वादळात त्याची धावपट्टी पाण्याखाली गेली होती. ते बेट निदान ओसाकाच्या आखातात, आडोशाला आहे. आपला किनारा पावसाळ्यात थेट अरबी समुद्राच्या लाटा अंगावर घेतो. बेटाचा विचार सोडून द्या.

लांबीचा हिशेब

नवशिक्यांचे नकाशे इथे सर्वांत जास्त चुकतात, म्हणून हा भाग सावकाश करा.

विमानाला लागणारी मूळ लांबी समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात आणि सपाट धावपट्टीवर मोजलेली असते. ती आपल्या जागेसाठी तीन पायऱ्यांत वाढवायची. उंचीसाठी दर ३०० मीटरला ७ टक्के. तापमानासाठी, त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के. उतारासाठी, सरासरी उताराच्या दर १ टक्क्याला १० टक्के.

लांब पल्ल्याच्या भरलेल्या विमानासाठी मूळ लांबी २,८०० मीटर धरू. वाघसडा ९० मीटरवर, म्हणून २.१ टक्के वाढ: २,८५९ मीटर. त्या उंचीवर प्रमाण तापमान १४.४ अंश; सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी ३३ धरली तर फरक १८.६. म्हणजे ३,३९० मीटर. उतार अर्धा टक्का, म्हणून आणखी ५ टक्के: ३,५६० मीटर. नकाशावर ३,६०० लिहा.

आता ३,७०० मीटरचा सडा शोधून त्यावर ही पट्टी बसवलीत, तर काम बिघडलंच म्हणून समजा. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आधी ६० मीटरचा मोकळा पट्टा लागतो आणि त्यापुढे टोकाचं सुरक्षा क्षेत्र. या क्षेत्राचं किमान माप ९० मीटर असलं तरी मोठ्या धावपट्टीसाठी शिफारस २४० मीटरची आहे. म्हणजे सपाट जमीन हवी ३,६०० अधिक दोनदा ३००, एकूण ४,२०० मीटर. सड्याची कड जिथे तुटते तिथे विमानाला दुसरी संधी नसते. मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमानाची चाकं धावपट्टीचा बराच भाग मागे टाकून टेकली, विमान टोकापलीकडे दरीत गेलं आणि १५८ जण मरण पावले. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात, पाठीमागून वारा असताना उतरलेलं विमान टोकावरून खाली कोसळलं. २१ जण गेले. दोन्ही ठिकाणी विमानतळ पठारावर आहे. काल्पनिक विमानतळातही हे २४० मीटर वाचवू नका. आणि कथेत अपघात हवाच असेल, तर तो याच २४० मीटरच्या वादातून उभा करा. भूसंपादन कमी करायचं म्हणून कुणीतरी ९० वर सही केली, एवढं कारण पुरतं.

रुंदीसाठी ४५ मीटर आणि बाजूला पक्के खांदे. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना १४० मीटर मोकळं, म्हणजे एकूण २८० मीटरचा पट्टा. त्यात खांब, गडगा, कलमं यांतलं काहीही उरता कामा नये.

वारा आणि आकडे

पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून. बाकीच्या महिन्यांत सकाळी जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. म्हणून धावपट्टी पूर्व-पश्चिम. तिच्या चुंबकीय दिशेला दहाने भागून जवळचा पूर्णांक घेतला की टोकावरचा आकडा मिळतो: ८७ अंश म्हणजे ०९, उलट बाजूने २६७ म्हणजे २७. चिपीची धावपट्टीही ०९/२७ आहे. आडव्या वाऱ्यामुळे धावपट्टी वर्षातल्या पाच टक्क्यांहून जास्त वेळ निकामी होऊ नये, असा दंडक आहे. मोठ्या विमानांसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा ताशी ३७ किलोमीटर धरतात.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणजे जुलैत वाघसड्यावर उतरणारं विमान समुद्रावरून येणार नाही, ते घाटाकडून येईल. लाटांवरून झुकत येणारं पावसाळी विमान चित्रपटात शोभतं, पण कोकणातला माणूस त्यावर विश्वास ठेवणार नाही. घाटमाथा धावपट्टीपासून ३५ किलोमीटरवर धरा. ३ अंशांच्या उतरणीने विमान तिथे धावपट्टीपासून सुमारे १,८०० मीटर उंच असायला हवं, तेव्हा त्याला घाटाच्या कड्याला घासून आणू नका. ढगामुळे उतरणं सोडून द्यावं लागलं तर मात्र पुढे पश्चिमेला मोकळा समुद्र असतो. ही या जागेची मोठी जमेची बाजू आहे.

आयएलएस, म्हणजे ढगात वैमानिकाला रेडिओ संकेतांनी धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा, आधी घाटाकडून येणाऱ्या विमानांसाठी २७ च्या बाजूला बसवा, कारण गरज पावसाळ्यात पडते. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर वैमानिकाला ६० मीटर उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर परत वर जावं लागतं. सड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ढग अक्षरशः जमिनीला टेकतात. खाली खाडीत स्वच्छ दिसत असतं आणि वर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून हवामानाची नोंद सड्यावरच घ्या, खालच्या गावातली वापरू नका. किमान दोन पावसाळ्यांची नोंद हवी.

आता एक हमखास विसरला जाणारा तुकडा. उतरण्याच्या दिव्यांची रांग धावपट्टीच्या आधी ९०० मीटर लांब असते. सडा ३०० मीटरवर संपला तर उरलेले ६०० मीटर दिवे दरीत उंच मनोऱ्यांवर उभे करावे लागतात. त्यासाठी अरुंद, लांब जमीन वेगळी घ्यावी लागते, प्रत्येक मनोऱ्यापर्यंत पाणंद हवी, आणि खाऱ्या हवेत गंजणारे नट-बोल्ट दरवर्षी तपासायला माणूस हवा. ही पट्टी नेमकी कुणाच्या तरी आंब्याच्या कलमांतून जाते.

जांभा, शेड आणि पाणी

वरून काळा, कडक दिसणारा सडा खाली एकसारखा नसतो. वर काही मीटर जांभा, त्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती (हीच शेड), मग झिजलेला आणि नंतर अखंड काळा पाषाण. ती मऊ माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि पाणी लागलं की साबणासारखी सुटते. कापलेला माल सरसकट भरावात टाकला, तर पहिल्याच पावसाळ्यात टोकाचा उतार घसरतो. जांभ्याचा आणि पाषाणाचा माल भरावाला, मऊ माती वेगळ्या ढिगात, हा नियम ठेवा. मूळ उताराला पायऱ्या कापून मगच त्यावर थर दाबायचे, आणि भरावाच्या पोटात पाणी काढणारे दगडी थर सोडायचे. बाहेरचा उतार एकास दोन धरला तर ३० मीटर उंच भरावाचा पायथा कडेपासून ६० मीटर बाहेर जातो. नकाशात तो दाखवा, कारण तिथे बहुधा वाडी असते.

मापाचा अंदाज घ्या. धावपट्टी आणि दोन्ही टोकांचे ६० मीटर धरून ३,७२० मीटर लांब आणि २८० मीटर रुंद पट्टा म्हणजे सुमारे १०४ हेक्टर. सरासरी ५ मीटर कापायचं तर ५२ लाख घनमीटर. फोडलेला दगड फुगतो. चाळीस टक्के वाढ धरली तर ७३ लाख घनमीटर. सोळा घनमीटरच्या डंपरला साडेचार लाखांहून जास्त खेपा. शंभर डंपर, प्रत्येकी दिवसाला बारा खेपा, तरी ३८० दिवस. आता यात पाऊस घाला. मातीकाम आणि डांबर दसऱ्यानंतर सुरू होऊन मिरगाआधी थांबतं, म्हणजे हंगामात कामाचे दिवस दोनशेच्या आसपास. फक्त धावपट्टीचं मातीकाम जवळपास दोन हंगाम खातं. तुमच्या कथेतला मंत्री जर जानेवारीत भूमिपूजन करून पुढच्या जानेवारीत विमान उतरवणार असेल, तर त्याला कुणीतरी हा हिशेब दाखवायला हवा.

पावसाचं पाणी हा दुसरा हिशेब. त्या १०४ हेक्टरवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दर सेकंदाला सुमारे २९ घनमीटर पाणी बाहेर काढावं लागतं. कातळ आणि डांबर ते मुरू देत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे डोळ्यांसमोर ठेवून गटारं आखा. धावपट्टीला मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड टक्का उतार द्या आणि पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडा: ६ मिलिमीटर रुंद, ६ खोल, ३८ मिलिमीटर अंतराने. टायरचं रबर त्यांत साचलं की खाचा बुजतात आणि विमान पाण्यावर तरंगत घसरतं. म्हणून मे महिन्यात रबर खरवडणं हे पावसाळापूर्व कामांतलं पहिलं काम.

हे पाणी सोडणार कुठे? सगळं एका पऱ्यात सोडलंत तर खालच्या मळ्यात रेव भरेल. आणि जे पाणी आज सड्याच्या भेगांतून मुरून पायथ्याच्या झऱ्यांना मिळतं, ते थांबलं तर वाड्यांच्या विहिरी पूर्वीपेक्षा लवकर आटतील. कोकणातल्या विमानतळाची सर्वांत खरी तक्रार आवाजाची नसते, पाण्याची असते. पायथ्याच्या प्रत्येक विहिरीची पातळी काम सुरू होण्याआधी वर्षभर नोंदवा. ती वही नसेल तर नंतर कोण खरं बोलतंय ते कुणालाच सिद्ध करता येत नाही.

सडा ओसाड आहे असं कागदावर लिहिलं जातं, तेही मार्चमधले फोटो लावून. त्याच कातळावर पावसाळ्यात डबकी, बेडूक आणि फुलांचे ताटवे असतात. पर्यावरण अहवालासाठी फक्त बिगर-पावसाळी हंगामातली माहिती गोळा केली, तर हे सगळं अहवालातून गळतं. कातळशिल्पांचंही तसंच. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावर सुरुंगाचं पहिलं भोक पाडण्याआधी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पूर्ण कातळ पायी तपासा. भर दुपारी उथळ रेघा दिसत नाहीत. शिल्प सापडलं तर धावपट्टी सरकवण्याची सोय सुरुवातीच्या आराखड्यातच असू द्या. शंभर मीटर सरकवणं कागदावर सोपं असतं, भराव पडल्यावर अशक्य.

जमीन

कोकणातला सातबारा हा विदर्भातल्या सातबाऱ्यासारखा नसतो. अर्ध्या एकरावर तीस-चाळीस नावं, त्यांतली निम्मी वारलेली, वारसनोंद अडकलेली, बाकीची मुंबईत. कुळांची नावं वेगळी. देवराई देवाच्या नावावर. म्हणून भूसंपादनाच्या नोटिसा गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आसपास पोचतील असं वेळापत्रक ठेवा. चाकरमानी तेव्हाच गावात असतो आणि घरातला निर्णय तेव्हाच होतो.

कायदा २०१३ चा. सामाजिक परिणामांचं मूल्यांकन, प्राथमिक अधिसूचना, हरकती, घोषणा आणि घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा. ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त चौपट. खासगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्क्यांची. विमानतळासाठी याच्या जोडीने २००८ च्या ग्रीनफिल्ड (कोऱ्या जागेवरच्या नव्या विमानतळांच्या) धोरणाप्रमाणे आधी जागेची मंजुरी आणि मग तत्त्वतः मंजुरी. वाघसड्यापासून चिपी आणि मोपा दोन्ही या धोरणातल्या १५० किलोमीटरच्या मर्यादेत येतात, त्यामुळे त्यांच्यावर काय परिणाम होईल हा प्रश्न दिल्लीत नक्की विचारला जाईल. त्याचं उत्तर तुमच्या कथेत हवं.

दुसरी समांतर धावपट्टी हवी का? दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर मध्यरेषांत किमान १,०३५ मीटर अंतर लागतं. नवी मुंबईत ते १,५५० मीटर ठेवलं आहे आणि एकूण जागा १,१६० हेक्टर. एवढा अखंड सडा क्वचितच मिळतो. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या टप्प्यात एकच धावपट्टी ठेवा. तासाला चाळीस उड्डाणं-आगमनं, सोळा तास, सरासरी दीडशे प्रवासी, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांमुळे मुंबईत एका वेळी एकच वापरता येते, आणि तरी तो विमानतळ वर्षाला पाच कोटींहून जास्त प्रवासी हाताळतो. दुसऱ्या धावपट्टीसाठी जमिनीवर वीस वर्षं आरक्षण टाकून ठेवलं, तर तिथल्या माणसाला घरही बांधता येत नाही आणि जमीन विकताही येत नाही.

टर्मिनल, इंधन, पक्षी

टर्मिनलचं गणित छोटं आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला एक कोटी प्रवासी धरा. दर दहा लाखांना साधारण दहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक लाख चौरस मीटर. गर्दीच्या तासाला वार्षिक संख्येच्या ०.०४५ टक्के, म्हणजे ४,५०० माणसं. पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसांसाठी बाहेरच्या रस्त्याची रुंदी वेगळी तपासा. विमानं उभी करायला वीस लहान आणि चार मोठ्या जागा. छतावर वर्षाला तीन मीटर पाऊस पडतो. एक लाख चौरस मीटरचं तीस कोटी लिटर पाणी मिळतं. एप्रिल-मेमध्ये ते सोन्याच्या मोलाचं असतं. मात्र साठा झाकलेला ठेवा. उघडं तळं म्हणजे बगळ्यांना आमंत्रण.

इंधनाकडे कुणी पाहत नाही. चार लांब पल्ल्याची विमानं प्रत्येकी १ लाख १० हजार लिटर आणि १२० लहान विमानं प्रत्येकी ८ हजार लिटर धरली, तर दिवसाला १४ लाख लिटर होतं. वीस हजार लिटरचे ७० टँकर रोज. ते मुंबई–गोवा महामार्गावरून आणायचे की कोकण रेल्वेवर वेगळी साइडिंग (मालगाड्यांसाठी जोड रूळ) टाकायची? साइडिंग टाका. पण पावसात दरड कोसळली की रेल्वेही थांबते, म्हणून सात दिवसांचा साठा, म्हणजे सुमारे एक कोटी लिटर, पाच-पाच हजार घनमीटरच्या दोन टाक्यांत.

पक्ष्यांत टिटवी, गायबगळा आणि घार हे तीन मुख्य. पहिल्या पावसानंतर उडणाऱ्या वाळवीमागे पक्षी धावपट्टीवर येतात, म्हणून जूनचे पहिले दहा दिवस गस्त दुप्पट. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत कचरा आणि कत्तलीचे अवशेष उघड्यावर टाकायला बंदी आहे. सुकत घातलेली मासळी आणि जेटीवरची घाण यांची सोय मच्छीमार सोसायटीबरोबर बसून करावी लागते, फक्त पोलिसांकरवी होत नाही.

मालवाहतुकीत हापूस दाखवणार असाल तर एक बारकावा. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया (किरणांचा मारा करून कीड निकामी करणं) सक्तीची आहे. वाघसड्यावर ती सोय नसेल, तर फळ आधी वाशी किंवा लासलगावला जाईल, आणि तिथून ते परत कोकणात विमानात चढायला येणार नाही. म्हणजे शीतगृहाआधी विकिरण केंद्र आणि पॅकहाउस बांधा.

उघडण्याची तारीख

वेळ किती लागतो याचे खरे दाखले बघा. मोपाला तत्त्वतः मंजुरी २००० मध्ये, उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये. नवी मुंबईला मंजुरी २००७ मध्ये, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये, पहिली प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला. वाघसड्याला पंधरा वर्षं दिलीत तर ती जास्त नाहीत: चार-पाच मंजुऱ्यांना, तीन-चार जमिनीला, दोन हंगाम मातीकामाला, दोन धावपट्टी आणि टर्मिनलला, उरलेली कोर्टाला.

शेवटच्या वर्षाचा क्रम असा ठेवा. आधी आयएलएसची तपासणी करणारं विमान येऊन संकेत मोजून जातं. मग डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना, सुरक्षेची मंजुरी, सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची चौकी. विमानतळाची माहिती जगभरच्या वैमानिकांच्या नकाशांत २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रातच चढते. ते चक्र चुकलं तर उद्घाटन पुढच्या चक्रावर जातं. मग खोट्या प्रवाशांनी आणि हजारो रिकाम्या बॅगांनी सराव. तो निदान एकदा तरी वीज घालवून करा.

उद्घाटन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा; चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला उघडला, तोही पाऊस सरताना. पण रात्रीची विमानं आणि मोठी विमानं पहिल्या पावसाळ्यानंतरच सुरू करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उताराच्या भरावात बसवलेल्या पाणीपातळीच्या नळ्या रोज वाचल्या जातील, २७ कडची दिव्यांची रांग दर आठवड्याला तपासली जाईल, आणि पायथ्याच्या विहिरींची वही पुन्हा उघडली जाईल.